रिसेप्शनिस्ट खोक्यात गेली तेव्हा...

फोर्टमध्ये परांचीखालून वाकून ऑफिसात शिरताय? एक मिनिट थांबा. मान वर करा. तिथे कुणीतरी असेल...

सकाळचे नऊ पंचवीस. सीएसएमटीला लोकलमधून बाहेर फेकलं जायचं, सबवेतल्या मोबाइल कव्हरवाल्यांना चुकवत वर यायचं, डी. एन. रोडच्या कमानींखालून सटासट चालायचं आणि नऊ चाळीसच्या आत कार्ड पंच करायचं. सहा वर्षं हेच चाललंय. या पंधरा मिनिटांत मी काय बघते? पुढच्याची सॅक, पायाखालचे पेव्हर ब्लॉक आणि मोबाइल. मान वर करून बघायला वेळ कुणाला आहे?

आमचं ऑफिस डी. एन. रोडच्या मागच्या एका गल्लीत आहे. टिपिकल फोर्टची बिल्डिंग. लाकडी जिना, लिफ्टला जाळीचा दरवाजा, तिसऱ्या मजल्यावर आम्ही. दारावर दगडी कमान आणि कमानीच्या मधोमध एक बाईचं डोकं. केसांत पानं-फुलं, डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात ‘आता काय?’ असा भाव. संध्याकाळी साडेपाचला कुरिअरवाला आला की आमच्या फ्रंट डेस्कवर दिसतो ना, डिट्टो तोच. म्हणून ऑफिसात तिला सगळे ‘रिसेप्शनिस्ट’ म्हणतात. पगार नाही, सुट्टी नाही, अप्रेझल नाही. नवीन जॉइन झालेल्याला पहिल्या दिवशी विचारायचं, ‘खालच्या रिसेप्शनिस्टला भेटलास का?’ हा आमचा रॅगिंगचा प्रकार. मलाही असंच विचारलं होतं आणि मी खरंच खाली जाऊन डेस्क शोधत बसले होते.

तर, दिवाळीनंतर नोटीस लागली. इमारतीची संपूर्ण दुरुस्ती, चार महिने. (हसू नका. चौदा लागले.) दुसऱ्याच आठवड्यात ट्रकभर बांबू आले आणि परांची चढायला लागली. मुंबईत परांची बांधणाऱ्यांना तुम्ही कधी नीट बघितलंय? पायात चप्पल नाही, कमरेला काथ्याची गुंडाळी, आणि बघता बघता माणूस चौथ्या मजल्यावर! सॉलिड काम. आम्ही चहाचे कप घेऊन बघत उभे राहायचो.

तेवढ्यात एक दिवस वॉचमन काकांचा आवाज चढला. हे काका मूळचे राजापूरकडचे. आवाज चढवणाऱ्यातले नाहीत. बघतो तर परांचीचा एक आडवा बांबू चक्क आमच्या रिसेप्शनिस्टच्या गळ्यातून काथ्याचा फास घालून आवळलेला. मुकादम शांत. ‘पत्थर है मॅडम, क्या होता है?’

काका मला म्हणाले, ‘ताई, तिच्या हनुवटीखाली हात लावून बघा.’ मी स्टुलावर चढले, बोट लावलं. बोटाला पिवळसर पीठ! अगदी शेव चाळताना हाताला बेसन लागतं तसं.

दुरुस्तीचा सीझन

त्या पिठाचं कारण मला पुढे आमच्या बिल्डिंगच्या कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट मॅडमनी सांगितलं. (मुंबईत १९९५पासून हेरिटेजचे नियम आहेत. यादीतल्या इमारतींना ग्रेड असतात आणि मालकाला मनाला येईल तसं ठोकता येत नाही. त्यामुळे मॅडम होत्या. पण आठवड्यातून एकदा यायच्या. बाकीचे सहा दिवस मुकादमाचे.)

मुंबईतलं जुनं बारीक कोरीवकाम पुष्कळदा पोरबंदरच्या दगडात आहे. भिंतीला कुर्ल्याचा, मालाडचा, नाहीतर आपला काळा दगड आणि जिथे नाक, डोळे, पानं, पक्षी कोरायचे तिथे पोरबंदर. कारण सोपं आहे. हा चुनखडीचा दगड मऊ असतो, छिन्नीखाली लोण्यासारखा चालतो. सीएसएमटीच्या गेटवरचे वाघ-सिंह बघा. थॉमस अर्प नावाच्या शिल्पकाराने केलेले. याच दगडाचे आहेत. आता गंमत अशी की जो दगड छिन्नीला पटकन ऐकतो तो पावसालाही ऐकतो. समुद्राची खारी हवा, गाड्यांचा धूर, चार महिन्यांचा पाऊस, असं सव्वाशे वर्षं खाल्लं की वरची कातडी पीठ होते. नुसतं उभं राहू दिलंत तर अशी मूर्ती अजून पन्नास वर्षं काढेल. पण अशा दगडाला दोरी आवळली, ड्रिल मशीनचे हादरे दिले, वरून सिमेंटचं पाणी गळू दिलं की एका दुपारीत खेळ खल्लास.

म्हणजे बघा, शंभर वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नाही तेव्हा ती टिकली. आणि आता कोट्यवधी खर्चून बिल्डिंग वाचवायला माणसं आली तेव्हा तिच्या गळ्याला फास! मॅडमचं वाक्य होतं, ‘जुन्या शिल्पाचे सगळ्यात वाईट दिवस दुरुस्तीचे. तोपर्यंत फक्त पाऊस असतो. आता माणसं असतात.’

हे ऐकल्यावर मी जरा हादरले. कारण फोर्टमध्ये गेली दहा-पंधरा वर्षं दुरुस्तीचाच सीझन चालू आहे. चांगली गोष्ट आहे ही, गैरसमज नको. पण लंच अवरमध्ये एक चक्कर मारा आणि हिरव्या जाळ्या मोजा. प्रत्येक जाळीमागे कुणाचं तरी नाक आहे.

हत्तीची गोष्ट

काथ्या त्याच संध्याकाळी सुटला. काकांनी स्वतः कापला. मग कॉन्ट्रॅक्टरने एकदम ‘लॉजिकल’ तोडगा काढला. डोकंच काढून घेऊ, गोडाऊनला नीट ठेवू, काम झालं की परत बसवू. आमच्या अॅडमिनला हे जाम पटलं. ऑफिस शिफ्टिंगमध्ये आपण झाडांच्या कुंड्या हलवतो तसं.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, ‘एक तर हा कमान धरून ठेवणारा मधला दगड आहे. तो काढलात तर आजूबाजूचे दगड काय करतील? आणि दुसरं म्हणजे, रविवारी भायखळ्याला जा. हत्ती बघून या.’

गेले. म्हटलं, नाहीतरी रविवारी लोळणारच होते. भायखळा स्टेशनचंच आधी सांगते. जुनी इमारत इतकी छान केलीय की तिला २०२२मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आपण मात्र तिथे फक्त फास्ट लोकल सुटू नये म्हणून धावतो. स्टेशनच्या पूर्वेला दहा मिनिटं चाललं की राणीची बाग, आणि बागेला लागून भाऊ दाजी लाड म्युझियम. आवारात काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. लहान मुलं त्याच्यासमोर पेंग्विनला जायच्या रांगेतली कुरकुर करत असतात. फोटो कुणी काढत नाही.

हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं ते याच्यावरून! गुहांवरून नाही, त्रिमूर्तीवरूनही नाही. बेटाच्या किनाऱ्याजवळ हा उघड्यावर उभा होता. १८१४मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. पुढे १८६४च्या सुमाराला साहेबांनी ठरवलं, याला इंग्लंडला न्यायचा. हेतू काय, तर तिकडे नीट राहील. क्रेन लावली. उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे तुकडे झाले. मग इंग्लंडचा विचार सुटला. तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले. तिथे ते चांगली पन्नासेक वर्षं पडून होते. १९१४मध्ये कॅडेल आणि हेवेट या दोघांनी ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. तोच हा. जवळ गेलं की सांधे दिसतात.

मी बराच वेळ त्याच्या भोवती फिरत होते. शेकडो वर्षं समुद्राच्या तोंडाशी उघड्यावर काढली आणि मोडला कशाने? ‘नीट ठेवू’ म्हणणाऱ्यांच्या क्रेनने.

तिथेच जवळ ओरिजिनल काळा घोडा पण आहे बरं का. म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड. १९६५मध्ये त्याला काळा घोडा चौकातून हलवून इथे आणला. चौकात आता २०१७पासून नवा घोडा आहे, वर स्वार नाही. ब्राँझचा पुतळा असा हलवता येतो. धातू आहे, आतून पोकळ आहे, पट्टे घालता येतात. दगडाचं तसं नाही. दगड वरून दबाव सोसतो, पण ओढलं, वाकवलं की तडकतो. ही बारावीची फिजिक्स मला वयाच्या तिसाव्या वर्षी हत्तीने शिकवली.

सोमवारी अॅडमिनला हत्तीचा फोटो दाखवला. गोडाऊनचा विषय बंद.

खोकं

मग रिसेप्शनिस्टसाठी खोकं आलं. हा प्रकार मी आधी कधी बघितला नव्हता आणि सांगते, बघण्यासारखा आहे.

सगळ्यात आधी फोटो. चारी बाजूंनी, जवळून, तिरक्या उजेडात, प्रत्येक तडा पट्टी धरून. ‘काम सुरू व्हायच्या आधीचं नाक कसं होतं हे कागदावर नसेल तर नंतर भांडता येत नाही,’ इति मॅडम. (हे आपल्या भाड्याच्या फ्लॅटलाही लागू आहे. डिपॉझिट वाचेल.) मग कपाळापासून कानाकडे गेलेल्या एका तड्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवली आणि शेजारी भिंतीवर तारीख लिहिली. तडा वाढला, दगड सरकला तर काच फुटणार. ना बॅटरी, ना अॅप. झक्कास आयडिया!

आणि मग प्लायवूडचं खोकं. त्यात तीन गोष्टी मला भारी वाटल्या. पहिली, खोकं तिला कुठेही टेकत नव्हतं. ते स्वतःच्या वेगळ्या बांबूंवर उभं होतं आणि तिच्यापासून सगळीकडे वीतभर लांब. मोठ्या परांचीला धक्का लागला तरी तिला लागू नये. दुसरी, खोक्याला भोकं होती, त्यावर मच्छरदाणीची जाळी. मी म्हटलं, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं असतं तर सोपं नसतं झालं? तर म्हणे, नाही. दगडात ओल असते. प्लास्टिकमध्ये बांधली की आत घाम सुटतो, बुरशी धरते, क्षार वर येतात. दगडाला श्वास लागतो. आणि तिसरी, समोर एक छोटं झाकण. दर शनिवारी उघडून टॉर्चने बघायचं. ते काम मॅडमनी काकांना दिलं, त्यांच्या वहीसकट. काकांनी वहीत पहिल्या शनिवारी लिहिलं, ‘काच ठीक. बाई ठीक.’

आम्हाला तर वहीचा नादच लागला. शनिवारी हाफ डे, निघताना वही बघायची. ‘काच ठीक. बाई ठीक.’ ‘काच ठीक. बाई ठीक. वर कबुतराने काड्या टाकल्या.’ ‘काच ठीक. बाई ठीक. अंडी दोन.’

खोक्याच्या आसपास ब्रेकर मशीन बंद. छिन्नी-हातोडीनेच काम. कॉन्ट्रॅक्टर वैतागला, कारण ब्रेकरने अर्ध्या दिवसात होणारं काम चार दिवस चाललं. हादऱ्यांचा एवढा काय बाऊ, असं मलाही वाटलं होतं. मग कुणीतरी पेटिट लायब्ररीची आठवण काढली.

जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट. डी. एन. रोडवरची १८९८ची गॉथिक इमारत. तुम्ही तिच्या खालून शंभरदा गेला असाल. वर रीडिंग रूम आहे, उंच छत, रंगीत काचा. ती इमारत इतक्या निगुतीने दुरुस्त झाली की २०१५मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१७मध्ये, तिच्या माथ्यावरच्या कोरीव चुनखडीच्या टोकाचा तुकडा सुटून खाली आला. त्या वेळी जवळच मेट्रो-३चं खोदकाम चालू होतं. त्यामुळेच झालं की नाही, यावरून वाद झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं. कोर्टाने आसपासचं काम काही काळ थांबवलं, तज्ज्ञांकडे तपास दिला. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसली. ती इमारत पडकी नव्हती, बेवारस नव्हती. सगळ्यात नीट जपलेल्यांपैकी होती. तिथेही सुटलं काय, तर सगळ्यात टोकाचं, सगळ्यात नाजूक, ज्याच्यावर कुणीतरी सगळ्यात जास्त वेळ घालवला असेल ते. हादऱ्याला भिंत दाद देत नाही. पान, चोच, बोट देतं.

मेट्रो-३ आता पूर्ण सुरू झालीय, ऑक्टोबर २०२५पासून. हुतात्मा चौक स्टेशनातून मी हल्ली अधूनमधून येते. सरकत्या जिन्यावर उभी असले की हटकून मनात येतं, आपल्या डोक्यावर आत्ता कोण कोण उभं आहे!

फेस आला!

फेब्रुवारी. खोकं ठीक, काच ठीक, कबुतराची पिल्लं उडून गेलेली. आम्ही सगळे निवांत. आणि तिथेच घोळ झाला.

कमानीच्या आतल्या बाजूला दर्जा भरायचं काम होतं, त्यासाठी खोक्याची खालची फळी दोन दिवस काढली. मॅडमनी सांगितलेलं, दर्जा चुन्यानेच भरायच्या, सिमेंट नको. कारण सिमेंट दगडापेक्षा टणक. पाऊस मुरला की ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, ती बिचारी दगडातून वाट काढते, जाताना क्षार मागे ठेवते आणि क्षारांचे खडे फुगून दगडाचा पापुद्रा आतून ढकलतात. तर चुना होता. पण वरच्या मजल्यावर सिमेंटचं काम चालू होतं, त्याचे शिंतोडे आले. हनुवटीवर, गळ्यावर. एका पोराने बिचाऱ्याने चांगल्या मनाने ठरवलं, साफ करू. टाइल्सवरचे डाग काढतात ते अॅसिड कॅनमध्ये होतंच.

आता शाळेतलं केमिस्ट्री आठवा. चुनखडी अधिक अॅसिड बरोबर? बुडबुडे!

काका जेवणाचा डबा उघडत होते. त्यांना आधी आवाज आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. धावले. तोपर्यंत गळ्यावरून पांढरा फेस ओघळत होता. पाण्याची बादली मारली, पुन्हा मारली. पोरगं रडायला लागलं. काका त्याच्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, ‘तुला कुणी सांगितलंच नाही तर तुला काय ठाऊक?’ नंतर ते मला म्हणाले, सांगायला हवं होतं ते मीच, खोक्यावर लिहून ठेवायला हवं होतं. त्या शनिवारी वहीत आलं, ‘काच ठीक. बाईच्या गळ्याला इजा.’

गळ्याच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा खळगा झाला. तिथे कोरलेल्या माळेचे तीन मणी होते. आता दोन आहेत.

त्या दिवशी डोकं भणभणलं होतं. काम सुचेना. लंच अवरला चालत फ्लोरा फाउंटनला जाऊन बसले. फ्लोरा पण चुनखडीचीच. फक्त तिचा दगड इंग्लंडमधून, पोर्टलंडहून आलेला. १८६४ची ती. डिझाइन रिचर्ड नॉर्मन शॉचं, शिल्प जेम्स फोर्सिथचं, खर्च सत्तेचाळीस हजार, त्यातले वीस हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांचे. आधी ती भायखळ्याला बागेतच उभी राहायची होती, हत्तीची शेजारीण. पण फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि जुन्या चर्च गेटच्या जागी तिला आणून बसवलं. २१ नोव्हेंबर १९५५ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती वरून बघत होती. आता शेजारी हुतात्मा स्मारकातले शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे असतात.

हिच्यावर संकट आलं ते प्रेमाचं. वर्षानुवर्षं कुणीतरी साहेब येणार असला की हिला पांढरा ऑइल पेंट मारायचे. सण आला, मारा पेंट. काळी पडली, मारा पेंट. माझ्या लहानपणच्या आठवणीत फ्लोरा म्हणजे आईस्क्रीमचा पुतळा. नाक कुठे संपतं, ओठ कुठे सुरू होतात, काही कळायचं नाही. पेंटने दगडाची भोकं बुजतात, पुन्हा तेच, ओल आत कोंडते. शेवटी २०१६मध्ये नीट दुरुस्ती काढली. पेंटचे थर उतरवले, तुटलेले भाग दुरुस्त केले, पाण्याची व्यवस्था नवी केली. या कामाच्या वेळी तर पेव्हर ब्लॉकखाली ट्रामचे रूळ सापडले! १९६४मध्ये ट्राम बंद झाल्यापासून तिथेच होते, आपण वरून चालत होतो. २४ जानेवारी २०१९ला फाउंटन पुन्हा सुरू झालं. झटपट उरकायचं असतं तर अॅसिड होतंच की. एका आठवड्यात फ्लोरा चकाचक, फक्त चेहरा नसता.

पायरीवर बसून वडापाव खाता खाता मी तिच्या बोटांकडे बघत होते. दोन वर्षांहून जास्त काळ कुणीतरी दुसऱ्याची डेडलाइन सोसून, हळू हळू काम केलं म्हणून ती बोटं आहेत. माझ्या बॉसला हे कसं समजावणार, देव जाणे.

शनिवार, हाफ डे

चौदाव्या महिन्यात खोकं उघडलं. आम्ही सगळे खाली. केक आणायचा होता, पण आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी बजेट मंजूर केलं नाही, म्हणून समोसे. मॅडमनी मऊ ब्रशने धूळ झाडली, काचेची पट्टी अलगद सोडवली. अखंड! टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी गळ्याकडे बघितलं आणि टाळ्या थांबल्या.

कुणीतरी विचारलं, तिसरा मणी नवा करून बसवता येईल का? मॅडम म्हणाल्या, येईल. पण मग कोरणाऱ्याचे दोन आणि आपला एक. मी तो खळगा चुन्याने हलकेच भरते, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. मणी नको. काकांना ते पटलं नाही, बाईच्या गळ्यात माळ पुरी हवी असं त्यांचं म्हणणं. मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं मॅडमचं बरोबर, कधी काकांचं.

आणि ते अॅसिडवालं पोरगं? ते आता दगडाच्या कामावर पाथरवटांच्या हाताखाली आहे, मॅडमच्याच दुसऱ्या साइटवर. उघडायच्या दिवशी आलं होतं. समोसा खाल्ला नाही. जिन्याच्या खाली उभं राहून वर बघत होतं.

परवा आमच्या गल्लीत, दोन इमारती सोडून, पुन्हा बांबूंचा ट्रक लागला. तिथे दारावर सिंहाचं तोंड आहे. निळ्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळलंय आणि गळ्यात काथ्या. काकांनी वही काखेत मारली आणि म्हणाले, ‘ताई, तुम्ही फोटो काढून ठेवा. मी मुकादमाशी बोलतो.’

जायचं असेल तर : सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंत डी. एन. रोड सरळ चालत पंधरा मिनिटं, मान वर ठेवली तर तास. ऊन डोक्यावर आलं की कमानींखालून चाला, पण मग वरचं काही दिसत नाही, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा रविवारी. लेन्स असेल तर न्या, नसेल तर मोबाइलचा झूम चालतो. भूक लागली तर सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला आहेच. हत्तीसाठी भायखळा, पूर्व. बुधवारी राणीची बाग बंद असते.